डॅफ्नियावरची ४८ तासांची विषारीपणा चाचणी : या चुका टाळा

डॅफ्निया हा गोड्या पाण्यातला इवलासा कवचधारी प्राणी. कंट्रोलमधल्या, म्हणजे रसायन न घातलेल्या पाण्यातल्या, त्याच्या २० पिल्लांपैकी २ हालेनाशी झाली तर चाचणी ग्राह्य धरतात, तिसरे निपचित पडले की सगळी मेहनत बाद. ओईसीडी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २०२ क्रमांकाच्या मार्गदर्शिकेने घातलेली ही १० टक्क्यांची मर्यादा आहे. कागदावर चाचणी फार सोपी दिसते. २४ तासांहून कमी वयाची डॅफ्निया मॅग्नाची पिल्ले घ्यायची, रसायनाच्या किमान पाच संहती (पाण्यातली वेगवेगळी प्रमाणे) करायच्या, प्रत्येक संहतीला पाच-पाच पिल्लांची चार भांडी लावायची. खाणे द्यायचे नाही, हवा सोडायची नाही, २४ आणि ४८ तासांनी मोजायचे. ज्या संहतीला निम्मी पिल्ले हालेनाशी होतात ती ४८ तासांची ईसी५०.

या चाचणीतल्या बहुतेक चुकांचे मूळ एकच असते. आकडा रसायनाच्या नावावर लिहिला जातो, पण पिल्ले भलत्याच कशाने तरी मेलेली असतात. नाहीतर लेबलावर लिहिलेले रसायन पाण्यात उरलेलेच नसते. खालच्या चुका वाचताना हे दोन प्रश्न मनात ठेवा.

पिल्ले निवडतानाच्या चुका

वयाचा हिशोब पिल्ले गोळा केल्याच्या वेळेपर्यंत करतात, ही पहिली चूक. सोमवारी सकाळी ९ वाजता माद्या वेगळ्या केल्या, मंगळवारी ९ वाजता पिल्ले गाळली आणि द्रावणे तयार होईपर्यंत ११ वाजले, तर त्यातली काही पिल्ले २६ तासांची असू शकतात. वय भांड्यात सोडतानाचे धरायचे असते. माद्या संध्याकाळी ५ वाजता वेगळ्या केल्या तर दुसऱ्या दिवशी ११ वाजता सर्वात मोठे पिल्लू १८ तासांचे असेल. हाताशी सहा तास शिल्लक राहतात.

पहिल्या विणीची पिल्ले घेऊ नका. २० अंशांना मादी साधारण आठ ते दहा दिवसांची झाली की पहिल्यांदा विते, पुढे दर तीनेक दिवसांनी. पहिल्या खेपेची पिल्ले संख्येने कमी आणि अंगाने लहान असतात, त्यांच्या संवेदनशीलतेचा भरवसा नसतो.

माद्यांच्या पाठीवर काळे, खोगिरासारखे कवच दिसू लागले, म्हणजे एफिपियम, तर त्या कल्चरमधून (प्रयोगशाळेत वाढवलेल्या साठ्यातून) चाचणी लावायचीच नाही. गर्दी, उपासमार किंवा तापमानातला फरक यांनी डॅफ्निया ताणाखाली आली की ती नर आणि टिकाऊ अंडी तयार करते. नर दिसणे, पहिली वीण लांबणे, अंगाचा रंग उतरणे, २० टक्क्यांहून जास्त मरतूक ही सगळी त्याच दुखण्याची लक्षणे. उपाय साधे आहेत: प्रत्येक मादीला ५० ते १०० मिलि पाणी, रोज हिरव्या शैवालाचे खाणे, आणि खालचा गाळ वेळेवर काढणे. कल्चर सुधारायला दोन-तीन आठवडे लागतात. तेवढे थांबवत नसेल तरी आजारी कल्चरची पिल्ले वापरून काहीच साधत नाही.

पाणी

नळाच्या पाण्यातला क्लोरीन आणि पितळी-तांब्याच्या फिटिंगमधून उतरणारे तांबे हे दोन्ही डॅफ्नियाचे वैरी. तांबे तर लिटरला काही दशक मायक्रोग्रॅम असले तरी पुरते. रात्रभर हवा सोडली की क्लोरीन जातो, क्लोरामाइन (क्लोरीन-अमोनियाचे संयुग) मात्र सहज जात नाही. म्हणून चाचणीसाठी विआयनित (क्षार काढून टाकलेल्या) पाण्यात ठरावीक क्षार घालून केलेले आयएसओ पाणी सर्वात निर्धोक. चार साठा द्रावणे वेगवेगळी करा, प्रत्येकी एका लिटरमध्ये:

कॅल्शियम क्लोराइड डायहायड्रेट ११.७६ ग्रॅम
मॅग्नेशियम सल्फेट हेप्टाहायड्रेट ४.९३ ग्रॅम
सोडियम बायकार्बोनेट २.५९ ग्रॅम
पोटॅशियम क्लोराइड ०.२३ ग्रॅम

प्रत्येकातले २५ मिलि घेऊन एक लिटर करायचे. कठीणपणा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात २५० मिग्रॅ/लिटर येतो. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे बाटलीवरचे ‘डायहायड्रेट’ न वाचता निर्जल कॅल्शियम क्लोराइड तेवढेच तोलणे. मग कॅल्शियम सुमारे एक तृतीयांशाने वाढते आणि कॅल्शियम-मॅग्नेशियमचे ४:१ हे प्रमाण बिघडते. पाणी तयार झाल्यावर भरपूर हवा सोडून स्थिर होऊ द्या. ही हवा चाचणीच्या आधी सोडायची, चाचणी चालू असताना नाही.

एम४ आणि एम७ ही एलेंड्ट या संशोधकाच्या नावाने ओळखली जाणारी तयार पाण्याची सूत्रे कल्चरला उत्तम, पण त्यांत ईडीटीए हे धातू बांधून ठेवणारे रसायन असते. तांबे, जस्त, कॅडमियम अशा धातूंची चाचणी त्यांत केली तर ईडीटीए धातूला पकडून ठेवते आणि रसायन आहे त्यापेक्षा निरुपद्रवी दिसते. धातूंसाठी आयएसओ पाणीच वापरा. कल्चर एम४मध्ये आणि चाचणी आयएसओ पाण्यात असेल, तर माद्यांना साधारण ४८ तास आधी चाचणीच्या पाण्याची सवय करून द्या. नाहीतर पिल्लांना बसलेला पाणीबदलाचा धक्का रसायनाच्या खात्यात जमा होतो.

द्रावण करताना

संहतींची पायरी २.२ पटींहून मोठी नको. १, १०, १०० अशी उडी घेऊन पूर्वचाचणी करा, मुख्य चाचणी नव्हे. मुख्य चाचणीत दहापटीची पायरी ठेवली की एका भांड्यात सगळी जिवंत आणि पुढच्यात सगळी मेलेली निघतात, मग ईसी५० दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी लोंबकळत राहते.

रसायन पाण्यात विरघळत नसेल तर ॲसिटोन, इथेनॉल, डीएमएफ अशा द्रावकांचा (विरघळवणाऱ्या द्रवांचा) आधार घेतात. कमाल मर्यादा लिटरला ०.१ मिलि. सगळ्या भांड्यांत द्रावक सारखाच असावा आणि फक्त द्रावकाचे वेगळे कंट्रोलही हवे. हे कंट्रोल विसरणे ही चूक मोठी, पण तिच्याहून कमी लक्षात येणारी एक आहे. ०.१ मिलि इथेनॉल म्हणजे सुमारे ७९ मिग्रॅ. ते पूर्ण कुजायला सुमारे १६५ मिग्रॅ ऑक्सिजन लागतो, आणि २० अंशांच्या लिटरभर पाण्यात ऑक्सिजन असतो जेमतेम ९ मिग्रॅ. ४८ तासांत सगळे इथेनॉल कुजत नाही हे खरे, पण भांडी अस्वच्छ असली, जिवाणू बळावले, तर थोड्याशा कुजण्यानेही ऑक्सिजन कोसळतो. चाचणीच्या शेवटी भांड्यांत किमान ३ मिग्रॅ/लिटर ऑक्सिजन राहायलाच हवा. म्हणून द्रावक जमेल तेवढा कमी वापरा. जास्त विद्राव्य रसायनाला तो वापरूच नका.

विद्राव्यतेपेक्षा जास्त रसायन घालून १०० मिग्रॅ/लिटर लिहिणे हाही घोटाळा. न विरघळलेले कण पिल्लांच्या कवचाला आणि पायांना चिकटतात, तेलकट थर पृष्ठभागावर पसरतो, आणि पिल्लू विषाने नव्हे तर अडकून मरते. तळाशी गाळ किंवा वर तवंग दिसला तर नोंद करा आणि मोजलेल्या विरघळलेल्या संहतीवरच निष्कर्ष काढा.

कीटकनाशकांच्या बाबतीत आणखी एक सावधगिरी हवी. डब्यावर ‘सायपरमेथ्रिन २५ ईसी’ लिहिलेले असते. तिथल्या ईसीचा आपल्या ईसी५०शी काही संबंध नाही. तो पाण्यात पसरणाऱ्या तेलकट द्रवाचा प्रकार आहे. १ मिग्रॅ उत्पादन घातले म्हणजे १ मिग्रॅ सायपरमेथ्रिन नव्हे, पाव मिग्रॅ. अहवालात आकडा उत्पादनाचा की मूळ घटकाचा, हे स्पष्ट लिहा. तसेच मोरचूद: पेंटाहायड्रेटमध्ये तांबे फक्त २५.५ टक्के असते.

पीएच: गुपचूप मारणारा

इथे जरा थांबू, कारण या चुकीने सर्वात जास्त फसवे आकडे बाहेर पडतात.

आयएसओ पाण्यात बायकार्बोनेट लिटरला ६४.७५ मिग्रॅ, म्हणजे सुमारे ०.७७ मिलिमोल. आता १०० मिग्रॅ/लिटर ॲसेटिक आम्ल घातले तर ते सुमारे १.६७ मिलिमोल झाले. पाण्याची आम्ल पेलण्याची ताकद संपून वर निम्म्याहून जास्त आम्ल उरते आणि पीएच ५च्या खाली घसरतो. पिल्ले मरतात आणि ती आम्लतेने मरतात. हा आकडा ॲसिटेट आयनाच्या विषारीपणाविषयी काहीच सांगत नाही.

म्हणून पिल्ले सोडण्याआधी सर्वात वरच्या संहतीचा पीएच मोजा. तो ६ ते ९ या पट्ट्यात नसेल तर एक चाचणी जशीच्या तशी करा, आणि दुसरी साठा द्रावणाचा पीएच हायड्रोक्लोरिक आम्लाने किंवा सोडियम हायड्रॉक्साइडने मूळ पाण्याइतका आणून. दोन्ही निकालांतला फरक हीच खरी माहिती. एका चाचणीत पीएच १.५ एककांहून जास्त हलू नये. अमोनियासारख्या पदार्थात तर पीएच वाढला की आयनरूपात नसलेल्या अमोनियाचा वाटा वाढतो आणि विषारीपणाही, म्हणून तिथे पीएच शेवटपर्यंत लिहून ठेवा.

इलेक्ट्रोड पिल्लांच्या भांड्यात बुडवू नका. प्रत्येक संहतीचे एक जादा भांडे मोजमापासाठी ठेवा.

रसायन कुठे गेले?

पायरेथ्रॉइडसारखी (सायपरमेथ्रिनच्या गटातली) पाण्यात न मिसळणारी रसायने काचेला आणि त्याहून जास्त प्लास्टिकला चिकटतात. बाष्पनशील रसायने उडून जातात, काही पाण्यात विघटित होतात, काही उजेडात. सुरुवातीला आणि ४८ तासांनी निदान सर्वात वरच्या आणि सर्वात खालच्या संहतीचे रासायनिक विश्लेषण करा. मोजलेली संहती ठरवलेल्या संहतीच्या २० टक्क्यांच्या आत राहिली तरच ठरवलेला आकडा वापरता येतो, नाहीतर मोजलेल्या आकड्यांवर हिशोब करा. वर्गीकरणाच्या दृष्टीने हा फरक क्षुल्लक नाही: जागतिक वर्गीकरण पद्धतीत १ मिग्रॅ/लिटरपर्यंत तीव्र विषारीपणाची पहिली श्रेणी, १० पर्यंत दुसरी, १०० पर्यंत तिसरी. कागदावर १.३ आणि पाण्यात ०.९ असेल तर श्रेणीच बदलते.

रसायन उडत असेल तर भांडे काठोकाठ भरून झाकण लावा. विघटित होत असेल तर २४ तासांनी द्रावण बदला. उजेडात मोडत असेल तर पूर्ण अंधारातही चाचणी चालते.

पिल्ले सोडणे आणि मोजणे

प्रत्येक पिल्लाला किमान २ मिलि द्रावण, म्हणजे पाचांना १० मिलि. आता पिपेटमधून पिल्लांबरोबर अर्धा मिलि कल्चरचे पाणी गेले तर संहती पाच टक्क्यांनी घटली. आधी पिल्ले स्वच्छ चाचणीच्या पाण्याच्या लहान बशीत घ्या, मग शक्य तेवढ्या थोड्या पाण्यासह उचला. भांड्यात २० मिलि ठेवले तर हीच चूक निम्मी होते. एकच पिपेट असेल तर कंट्रोलपासून सुरू करून वरच्या संहतीकडे जा.

पिपेटचे तोंड पाण्याखाली बुडवूनच पिल्लू सोडा. वरून थेंबाने टाकले की कवचाखाली हवा शिरते आणि ते पृष्ठभागावर तरंगत अडकते. कंट्रोलमध्ये तरंगणारी पिल्ले दिसली तर पहिला संशय यावर घ्या, दुसरा धुण्यात राहिलेल्या साबणावर. काचेची भांडी ॲसिटोनने, १० टक्के नायट्रिक आम्लाने आणि मग विआयनित पाण्याने अनेकदा धुतलेली हवीत.

मोजताना व्याख्या काटेकोर आहे: भांडे हलकेच हलवल्यावर १५ सेकंदांत जे पोहत नाही ते निश्चल. शृंगिका हलत असल्या तरी निश्चलच. हृदयाचे ठोके सूक्ष्मदर्शकाखाली बघून ‘जिवंत’ लिहिणे ही वेगळ्या मापाची नोंद झाली. आणि पिल्ले ४८ तासांत कात टाकतात. ती पारदर्शक कात तळाशी हुबेहूब मेलेल्या पिल्लासारखी दिसते. पाचांच्या भांड्यात सहा ‘पिल्ले’ मोजली गेली तर बहुधा एक कात आहे.

तापमान १८ ते २२ अंशांच्या दरम्यान, आणि एकाच चाचणीत १ अंशाहून जास्त फरक नको. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात वीज गेली की वातानुकूलित खोली तासाभरात हातातून जाते. इन्क्युबेटरला बॅकअप नसेल तर तापमानाची सतत नोंद ठेवणारे यंत्र तरी आत ठेवा. म्हणजे काय बिघडले ते नंतर कळेल.

डायक्रोमेटची कसोटी

कल्चरची संवेदनशीलता नियमित तपासण्यासाठी पोटॅशियम डायक्रोमेट वापरतात. १०० मिग्रॅ/लिटरच्या साठ्यातून ०.३२, ०.५६, १.०, १.८ आणि ३.२ मिलि घेऊन प्रत्येकी १०० मिलि करा. तेवढेच मिग्रॅ/लिटर येतात. २४ तासांची ईसी५० ०.६ ते २.१ मिग्रॅ/लिटरमध्ये यायला हवी. त्याहून कमी आली तर पिल्ले अशक्त किंवा पाणी बिघडलेले. जास्त आली तर वय जास्त, संहती चुकीची किंवा पाण्यात सेंद्रिय घाण. ४८ तासांचा आकडा या पट्ट्याशी ताडून पाहण्याची चूक करू नका. हे रसायन कर्करोगकारक आहे. हातमोजे घाला आणि उरलेले द्रावण सिंकमध्ये ओतू नका.

आकडा काढताना

निदान दोन संहतींत अंशतः परिणाम झाला असेल तर प्रॉबिट, म्हणजे संहती आणि परिणाम यांची रेषा जुळवून ईसी५० काढण्याची संख्याशास्त्रीय पद्धत, चालते. सगळीकडे ० किंवा १०० टक्केच असेल तर प्रॉबिटला जबरदस्तीने रेषा काढायला लावू नका. शून्य परिणामाची सर्वात मोठी आणि १०० टक्के परिणामाची सर्वात लहान संहती यांचा गुणोत्तर मध्य घ्या. १.८ आणि ३.२ असतील तर ईसी५० सुमारे २.४.

रसायन निओनिकोटिनॉइड (इमिडाक्लोप्रिडच्या गटातले कीटकनाशक) असेल तर डॅफ्नियाचा निकाल एकटा पुरेसा मानू नका. इमिडाक्लोप्रिडला डॅफ्निया मॅग्ना फारच सहनशील आहे, तर कायरोनोमससारख्या जलकीटकांच्या अळ्या त्याला हजारो पटींनी संवेदनशील. अशा वेळी २०११ साली आलेली ओईसीडी २३५ ही कायरोनोमसची ४८ तासांची चाचणी सोबत लावा.