जेमतेम फायद्याचा कॉल: घ्यायचा की सोडायचा?

पणजीत मांडवीवरच्या कॅसिनो बोटीत पहिल्यांदा पोकर खेळायला निघालेले मला हमखास विचारतात, "गणित थोडंसंच आपल्या बाजूने असेल तर कॉल करायचा का?" कॉल म्हणजे समोरच्याने लावले तेवढेच पैसे आपणही लावणं. मी म्हणतो, आधी रेक, म्हणजे डावाच्या पैशांतून कॅसिनो कापून घेतो ती रक्कम, किती ते विचार.

समजा टर्न (टेबलावरचं चौथं पान) उघडलाय, पॉटमध्ये (मधल्या जमा पैशांत) 5,000 रुपये आहेत आणि समोरच्याने उरलेले सगळे 1,500 ऑल-इन टाकलेत. तुमचा बदामाचा फ्लश ड्रॉ आहे, म्हणजे चार बदाम आहेत, शेवटच्या पानावर पाचवा आला की डाव तुमचा. न दिसलेल्या 46 पानांत बदाम 9, म्हणजे 19.6 टक्के. 1,500 घालून एकूण 8,000 चा पॉट मिळणार असेल तर 18.75 टक्के पुरतात. कॉलमागे सरासरी 65 रुपये सुटतात. कागदावर!

आता कॅसिनोने 5 टक्के कापले तर 400 गेले, आणि त्याच कॉलमागे तुम्ही 13 रुपये तोट्यात. रेकवर 200 ची मर्यादा असेल तर पुन्हा 26 रुपये नफा. जिंकल्यावर डीलरला 100 ची चिप सरकवायची सवय असेल (मला आहे) तर उरले सहा.

टीप सोडा, 26 च धरू. पाचातले चार वेळा 1,500 जाणारच आहेत. बेल लॅब्जच्या जॉन केलीने 1956 साली मांडलेलं, एका पैजेवर जवळच्या पैशाचा किती हिस्सा लावावा याचं सूत्र इथे लावलं तर एवढ्याशा फायद्यासाठी 1,500 लावायला बँकरोल (खेळायला बाजूला ठेवलेला पैसा) साडेतीन लाखांच्या वर हवा. त्याच्या निम्म्याहून कमी असेल, तर असे कॉल घेत राहून सरासरी बाजूने असतानाही पैसा दीर्घकाळात आटतो. शिवाय समोरासमोरच्या टेबलावर तासाला 25-30 डाव होतात. त्यात असा प्रसंग कितीदा येणार? 2025 च्या कायद्याने पैसे लावून ऑनलाइन खेळणं बंद झालं, त्यामुळे कमी पैशांत डावांचा ढीग उपसून सरासरी गाठायचा मार्गही उरला नाही.

पण "पुढे याहून चांगला डाव येईल" म्हणून फोल्ड करणारे (पानं टाकून देणारे) मला पटत नाहीत. कॅश गेममध्ये, म्हणजे जिथे चिप्स थेट रुपयांच्या असतात तिथे, त्या पुन्हा घेता येतात. हा कॉल घेतला म्हणून पुढचा चांगला डाव चुकत नाही. टूर्नामेंटमध्ये मात्र ते म्हणणं खरं आहे. बक्षिसाच्या उंबरठ्यावर चिप्स दुप्पट झाल्या म्हणून त्यांची रुपयांतली किंमत दुप्पट होत नाही, आणि बाहेर गेलात की गेलात. तिथे मी असे कॉल सरळ सोडतो.

कॅशमध्येही एकदा सोडतो: खिशातला शेवटचा बाय-इन (टेबलावर बसायला चिप्स घ्यायची रक्कम) टेबलावर असेल आणि दोन खुर्च्या सोडून कुणी उधळ्या पानं न बघता पैसे लावत बसला असेल तेव्हा. त्याच्याशी भिडायला समोर चिप्स लागतात, आणि तिथला फायदा 26 रुपयांचा नसतो.