पीजीबाउन्सर बसवताना या चुका टाळा

वेब ॲप्लिकेशन आणि पोस्टग्रेस हा डेटाबेस यांच्यामध्ये पीजीबाउन्सरसारखे मिडलवेअर, म्हणजे थोडीच डेटाबेस कनेक्शन अनेक विनंत्यांमध्ये वाटून देणारा मधला प्रोग्राम, बसवण्याची वेळ बहुधा एकाच कारणाने येते. गर्दीच्या तासाला लॉगमध्ये ‘सॉरी, टू मेनी क्लायंट्स ऑलरेडी’ ही ओळ दिसू लागते आणि डेटाबेस नवी कनेक्शन नाकारतो. पोस्टग्रेस प्रत्येक कनेक्शनसाठी सर्व्हरवर एक स्वतंत्र प्रोसेस सुरू करतो. एकूण कनेक्शनची मर्यादा ठरवणाऱ्या मॅक्स_कनेक्शन्स या सेटिंगचे मूळ मूल्य 100 असते आणि त्यातील 3 जागा सुपरयूजरसाठी राखीव असतात. दुसऱ्या बाजूला ॲप्लिकेशनचे 4 सर्व्हर, प्रत्येकावर 8 वर्कर (विनंत्या हाताळणाऱ्या प्रोसेस) आणि प्रत्येक वर्करचा स्वतःचा 10 कनेक्शनचा पूल (तयार ठेवलेला साठा) असेल, तर मागणी 320 वर जाते. हा गुणाकार कोणी मांडलेलाच नसतो, म्हणून पहिला उपाय म्हणून मॅक्स_कनेक्शन्स 1000 केले जाते. त्याने तक्रार काही आठवडे थांबते, पण वर्क_मेम ही मेमरीची मर्यादा कनेक्शनमागे नसून क्वेरीतील प्रत्येक सॉर्ट किंवा हॅश क्रियेमागे लागू होत असल्यामुळे, एकाच वेळी बऱ्याच जड क्वेरी आल्या की मेमरी संपून सगळा सर्व्हरच बसण्याची भीती राहते.

पीजीबाउन्सर बसवल्यावरची पहिली चूक म्हणजे त्याचा पूल मोड न बदलणे. मूळ मोड ‘सेशन’ असतो आणि त्यात ॲप्लिकेशन स्वतःचे कनेक्शन बंद करीपर्यंत मागचे पोस्टग्रेसचे कनेक्शन त्याच्याच ताब्यात राहते. आजचे बहुतेक फ्रेमवर्क कनेक्शन दीर्घकाळ उघडे ठेवतात. त्यामुळे मध्ये आणखी एक टप्पा वाढतो, पण बचत जवळजवळ काहीच होत नाही. खरा फायदा ‘ट्रान्झॅक्शन’ मोडमध्ये आहे, कारण तिथे ट्रान्झॅक्शन (एकत्रच पूर्ण किंवा रद्द होणारा क्वेरींचा गट) संपताच मागचे कनेक्शन पूलमध्ये परत जाते आणि पुढच्या गरजूला मिळते.

ट्रान्झॅक्शन मोडमधील धोके

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. ट्रान्झॅक्शन मोड चालू केला की मागचे कनेक्शन तुमचे राहत नाही, आणि सेशनवर ठेवलेली कोणतीही गोष्ट दुसऱ्याच विनंतीच्या हाती पडू शकते. एका डेटाबेसमध्ये प्रत्येक ग्राहकसंस्थेसाठी वेगळा स्कीमा (टेबलांचा गट) ठेवणारी ॲप्लिकेशन पुष्कळ आहेत आणि त्यांतली बरीचशी विनंतीच्या सुरुवातीला, टेबल कोणत्या स्कीमात शोधायचे हे ठरवणारी ‘सेट सर्च_पाथ’ ही आज्ञा चालवतात. ट्रान्झॅक्शनच्या बाहेर चालवलेली ही आज्ञा त्या कनेक्शनवर चिकटून राहते, कारण कनेक्शन स्वच्छ करणारी ‘डिस्कार्ड ऑल’ ही क्वेरी पीजीबाउन्सर मूळ मांडणीत फक्त सेशन मोडमध्येच चालवतो. परिणामी एका संस्थेच्या कर्मचाऱ्याला दुसऱ्या संस्थेच्या नोंदी दिसू शकतात आणि कुठेही एररची एक ओळसुद्धा उमटत नाही. माझ्या मते एरर येऊन बंद पडणारे ॲप्लिकेशन यापेक्षा कितीतरी बरे. उपाय असा की अशी सेटिंग ट्रान्झॅक्शन सुरू केल्यानंतर ‘सेट लोकल’ने करावी, म्हणजे ती ट्रान्झॅक्शनबरोबरच संपते, किंवा टेबलाच्या नावाआधी स्कीमा स्पष्टपणे लिहावा. टाइमझोन आणि क्लायंट_एन्कोडिंगसारख्या मोजक्या सेटिंग पीजीबाउन्सर प्रत्येक क्लायंटसाठी स्वतः सांभाळतो. त्यांच्यावर चाचणी घेऊन ‘आमचे सेट नीट चालते’ असा निष्कर्ष काढू नये.

प्रिपेअर्ड स्टेटमेंटची, म्हणजे सर्व्हरवर आधीच तयार करून नावाने ठेवलेल्या क्वेरीची, कथा थोडी वेगळी आहे. जावाला डेटाबेसशी जोडणारा जेडीबीसी ड्रायव्हर एखादी क्वेरी मूळ मांडणीनुसार पाचव्यांदा चालवली जाते तेव्हा ती सर्व्हरवर प्रिपेअर करतो. त्यामुळे विकासकाच्या संगणकावर दोन-तीनदा पान उघडून पाहिले तर सगळे सुरळीत दिसते आणि खऱ्या वापरात मात्र ‘प्रिपेअर्ड स्टेटमेंट एस_1 डझ नॉट एक्झिस्ट’ असा एरर अधूनमधून येतो. 2023 मध्ये आलेल्या 1.21 आवृत्तीपासून पीजीबाउन्सर ट्रान्झॅक्शन मोडमध्येही प्रोटोकॉल पातळीवरील प्रिपेअर्ड स्टेटमेंट सांभाळू शकतो. त्यासाठी मॅक्स_प्रिपेअर्ड_स्टेटमेंट्स शून्यापेक्षा मोठे ठेवावे लागते. आवृत्ती जुनी असेल तर जेडीबीसीमध्ये प्रिपेअरथ्रेशोल्ड 0 करावे. जँगो हे पायथनचे फ्रेमवर्क वापरणाऱ्यांनी सर्व्हरवरचे कर्सर (निकाल तुकड्यातुकड्याने आणण्याची सोय) बंद करणारी डिसेबल_सर्व्हर_साइड_कर्सर्स ही सेटिंग चालू करावी. डेटाबेसकडून येणाऱ्या सूचना ऐकणाऱ्या ‘लिसन’ आज्ञेला तर या मोडमध्ये जागाच नाही, तिच्यासाठी थेट कनेक्शन ठेवावे.

पूलचा आकार आणि थांबलेल्या विनंत्या

डिफॉल्ट_पूल_साइज 20 असतो, पण तो संपूर्ण पीजीबाउन्सरसाठी नसून डेटाबेस आणि यूजर यांच्या प्रत्येक जोडीसाठी असतो. पाच सेवा पाच वेगळ्या यूजरने जोडल्या की पोस्टग्रेसकडे 100 कनेक्शन जाऊ शकतात आणि आपण पुन्हा मूळ दुखण्यापाशी येतो. समोरच्या बाजूची मॅक्स_क्लायंट_कॉन ही मर्यादाही मुळात 100 असते. ती वाढवायला विसरले की आता पोस्टग्रेसऐवजी पीजीबाउन्सरच क्लायंटना नाकारू लागतो. ती वाढवताना सर्व्हरवरील उघड्या फाइल्सची मर्यादाही तपासावी.

विनंत्या अडकत असतील तर पूल मोठा करण्याआधी 6432 पोर्टवरून ‘पीजीबाउन्सर’ नावाच्या आभासी डेटाबेसला जोडून ‘शो पूल्स’ चालवावे. सीएल_वेटिंग (थांबलेले क्लायंट) शून्यापेक्षा जास्त असेल आणि मॅक्सवेट (थांबण्याचा सर्वांत जास्त वेळ) वाढत असेल, तर रांग खरोखरच लागलेली आहे. त्यानंतर पोस्टग्रेसमधील चालू कनेक्शनची यादी, म्हणजे पीजी_स्टॅट_ॲक्टिव्हिटी, पाहावी. तिथे ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ अवस्थेतील ओळी जास्त दिसल्या, तर दोष पूलच्या आकारात नसून कोडमध्ये आहे. कोणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून मध्येच पेमेंट गेटवेला किंवा एसएमएस सेवेला हाक मारतो आणि उत्तर येईपर्यंत ते कनेक्शन काहीही न करता अडकून पडते. बाहेरची हाक ट्रान्झॅक्शनच्या आधी किंवा नंतर न्यावी आणि सुरक्षेसाठी आयडल_इन_ट्रान्झॅक्शन_सेशन_टाइमआउट ठरवून ठेवावा. मोकळ्या कनेक्शनसाठी रांगेत थांबण्याची पीजीबाउन्सरची मुदत, क्वेरी_वेट_टाइमआउट, मुळात 120 सेकंद असते, तर गनिकॉर्न हा ॲप्लिकेशन सर्व्हर मूळ मांडणीत 30 सेकंदांत वर्कर संपवतो आणि एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर 60 सेकंदांत उत्तराची वाट सोडतो. म्हणून पूल भरल्याचे खरे कारण लॉगमध्ये कधी पोहोचतच नाही; वापरकर्त्याला फक्त 502 किंवा 504 हा एरर दिसतो. क्वेरी_वेट_टाइमआउट बाकीच्यांपेक्षा कमी, म्हणजे 10-15 सेकंद ठेवली की एरर योग्य जागी आणि योग्य नावाने दिसतो.

पासवर्डच्या तक्रारींचे मूळ बहुधा पीजीबाउन्सरच्या जुन्या यूजरलिस्ट (यूजर आणि पासवर्डच्या) फाइलमध्ये सापडते. पोस्टग्रेस 14 पासून नवे पासवर्ड स्क्रॅम पद्धतीने साठवले जातात, तर फाइलमध्ये जुन्या एमडी5 पद्धतीचा हॅश पडून असतो आणि त्या हॅशवरून स्क्रॅम लॉगिन होत नाही. तिथे पोस्टग्रेसमधील स्क्रॅमची नोंद जशीच्या तशी ठेवावी किंवा पासवर्डची नोंद पोस्टग्रेसकडूनच विचारून घेणारी ऑथ_क्वेरी वापरावी.

टेबलांची रचना बदलणारी मायग्रेशन मात्र पीजीबाउन्सरमधून कधीही चालवू नयेत. रेल्ससारखी साधने एकाच वेळी दोन मायग्रेशन होऊ नयेत म्हणून सेशन पातळीवरचे ॲडव्हायजरी लॉक (ॲप्लिकेशनने स्वतः मागून घेतलेले कुलूप) घेतात. ट्रान्झॅक्शन मोडमध्ये हे लॉक एका कनेक्शनवर घेतले जाते आणि सोडण्याची आज्ञा दुसऱ्याच कनेक्शनवर जाऊ शकते, त्यामुळे पुढचे प्रत्येक मायग्रेशन अडते. डिप्लॉयच्या स्क्रिप्टमध्ये मायग्रेशनसाठी वेगळा पत्ता ठेवून तो थेट पोस्टग्रेसच्या 5432 पोर्टकडे वळवावा, आणि लॉक आधीच अडकले असेल तर पीजी_लॉक्समधून ते धरणारी प्रोसेस शोधून तेवढे एकच कनेक्शन संपवावे.