अंगठा कलतो आहे का? आधी जोडा तपासा
पायाच्या आतल्या कडेला, अंगठ्याच्या मुळाशी आलेला टेंगळासारखा उंचवटा म्हणजे नवे वाढलेले हाड, असे पुष्कळांना वाटते. प्रत्यक्षात बहुधा तळपायातले लांब हाड दुसऱ्या पायाच्या दिशेने सरकलेले असते, अंगठा शेजारच्या बोटाकडे कललेला असतो आणि त्यामुळे सांधाच बाहेर डोकावतो. ही ठेवण अनेकदा आनुवंशिक असते, परंतु निमुळते आणि उंच टाचेचे जोडे तिला हातभार लावतात, कारण शरीराचा भार पुढे घसरून बोटे टोकात कोंबली जातात.

जोडे संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना घ्यावेत. कागदावर उभे राहून पावलाभोवती पेन्सिलीने रेघ काढावी आणि तिच्यावर जोडा ठेवावा. रेघ बाहेर दिसली, तर तो जोडा अरुंद आहे. सर्वांत लांब बोटापुढे सुमारे १ सेंटिमीटर जागा हवी. ‘वापरून सैल होईल’ हे दुकानातले आश्वासन लांबीच्या बाबतीत तरी खरे ठरत नाही.

मधल्या सांध्यात हातोडीसारखे वाकलेले बोट हाताने सरळ होते तोवर व्यायाम आणि रुंद जोडे उपयोगी पडतात. मधुमेह असणाऱ्यांनी मात्र अशा बोटावरचे कुरूप घरी कापू नये. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला जखम कळत नाही, म्हणून डॉक्टरांनाच दाखवावे.