इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीताचा अल्बम कसा ऐकावा : साशंक श्रोत्यासाठी

रागसंगीतावर किंवा भावगीतांवर कान तयार झालेला श्रोता इलेक्ट्रॉनिक नृत्यसंगीत ऐकून ‘हे सगळे सारखेच वाजते’ असे हमखास म्हणतो, आणि त्याच्या तक्रारीत तथ्य आहे, कारण ठोका खरोखरच बदलत नाही. मात्र एकल तबलावादनातही हार्मोनियमवरचा लेहरा, म्हणजे तालाचे आवर्तन दाखवणारी एकच सुरावट, तासभर तसाच फिरत असतो आणि तो स्थिर असल्यामुळेच कायदा, रेला अशा तबल्याच्या रचनांतले बारकावे कानाला कळतात. या संगीतात मांडणी उलटी असते : ठोका लेहऱ्याचे काम करतो आणि सारी हालचाल सुरांच्या पोतात होते.

प्रथम मोबाइलचा स्पीकर बाजूला ठेवावा. ठोक्याचे वजन आणि बेस, म्हणजे तळाची सुरावट, ज्या खर्जात असतात तो खर्ज एवढ्याशा स्पीकरमधून उमटतच नाही. उरते ती टिकटिक, आणि आपले मत त्या टिकटिकीवर बनते. कानावर नीट बसणारा साधा हेडफोन पुरेसा आहे.

सुरुवात मुंबईत ध्वनिमुद्रित झालेल्या अल्बमपासून करावी. हिंदी चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेल्या चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ हा अल्बम केला. त्या वेळी तो फारसा खपला नाही. २०१० मध्ये तो पुन्हा प्रकाशित झाला, तेव्हा जगाचे लक्ष त्याच्याकडे गेले. त्यातला मालकंस लावावा. राग ओळखीचा असल्याने सुरावटीची चिंता राहत नाही, म्हणून दुसऱ्यांदा ऐकताना सुरावट सोडून फक्त खालचा बेस ऐकावा. तो गुळगुळीत, चिवट, किंचित ओलसर आवाज रोलंड टीबी-३०३ या छोट्या यंत्राचा आहे. ते मुळात गिटारवादकांना बेसची साथ मिळावी म्हणून बनवले होते आणि बाजारात अपयशी ठरले. पुढे शिकागोतील तरुणांनी तेच जुने यंत्र घेऊन वाजता वाजता त्याची बटणे फिरवली आणि १९८७ मध्ये फ्यूचर या गटाचे ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ बाहेर आले. त्यात सुरावट जवळजवळ नाहीच, केवळ एका आवाजाचा रंग सतत पालटत राहतो. मालकंसनंतर ते ऐकले की आपण नेमके काय ऐकायचे, हे कानाला उमगते.

यानंतर मोजायला शिकावे. हाउस या शिकागोत जन्मलेल्या नृत्यसंगीताच्या प्रकाराची लय साधारणतः मिनिटाला १२० ते १३० ठोके, म्हणजे सेकंदाला सुमारे दोन ठोके अशी असते. सोळा ठोक्यांचे एक आवर्तन धरावे, तीनतालासारखे, आणि प्रत्येक समेवर काय नवे आले किंवा काय निघून गेले एवढेच टिपावे. डाफ्ट पंक या फ्रेंच जोडीच्या ‘होमवर्क’ (१९९७) या अल्बममधील ‘अराउंड द वर्ल्ड’ हा यासाठी उत्तम धडा आहे, कारण दिग्दर्शक मिशेल गोंद्री यांनी त्याच्या चित्रफितीत प्रत्येक वाद्याला नर्तकांचा वेगळा गट दिला आहे : पायऱ्या चढणारे-उतरणारे उंच खेळाडू म्हणजे बेस, सांगाडे म्हणजे गिटार, ममी म्हणजे तालयंत्र आणि यंत्रमानव म्हणजे गायन. चित्रफीत दोनदा पाहावी आणि मग डोळे मिटून ते खेळाडू जिन्यावर कुठे आहेत ते शोधावे. मला वाटते, इतका स्वच्छ श्रवणपाठ क्वचितच कुणी दिला असेल.

एवढा सराव झाल्यावर अखंड अल्बमकडे वळावे. जर्मनीतील ड्युसेलडोर्फच्या क्राफ्टवेर्क या गटाचा ‘ट्रान्स-युरोप एक्सप्रेस’ (१९७७) हाउसच्या आधीच्या काळातला असला, तरी पुढच्या नृत्यसंगीताचा तो पूर्वज आहे. गाण्यांचा क्रम न बदलता, मध्ये न थांबता, पाऊण तास त्यासाठी काढावा. खऱ्या रेल्वेचा ठेका नाचायला सोयीचा नसल्याने या गटाने तो थोडा बदलला होता. मधल्या भागात ती गाडी धातूच्या खणखणाटात शिरते, आणि आरंभीच्या ‘युरोप एंडलेस’मधली सुरावट शेवटी परत येते. सुटी गाणी ऐकणाऱ्याला हे परतणे कधीच भेटत नाही.

तीनदा ऐकूनही एखादा अल्बम आवडला नाही, तर तो निःसंकोच सोडावा. मात्र नेमके काय खटकले ते लिहून ठेवावे. सुरावटीची उणीव भासली असेल, तर डाफ्ट पंकचाच ‘डिस्कव्हरी’ (२००१) घ्यावा, आणि बेसची गोडी लागली असेल, तर लेफ्टफील्ड या ब्रिटिश जोडीचा ‘लेफ्टिझम’ (१९९५).