लाल विटा घेताना या चुका टाळा: ट्रॉली रिकामी होण्याआधी काय बघायचं

नागपूरच्या बेसा भागात दादाचं घर बांधलं तेव्हा विटांची जबाबदारी माझ्याकडे होती. पहिली ट्रॉली मी स्वतः उभी राहून उतरवून घेतली. दोन विटा एकमेकींवर वाजवून बघितल्या, खणखणीत आवाज आला, पुढच्या मालाला होकार दिला. चौथी ट्रॉली आली रात्री आठला. अंधार झालेला, ड्रायव्हर घाईत. "त्याच भट्टीचा माल हाय, ताई," म्हणाला आणि मी पावतीवर सही केली. पुढचा पावसाळा सरला आणि जिन्याच्या भिंतीचं प्लास्टर जागोजागी रुपयाएवढ्या गोल खपल्यांनी उडायला लागलं. प्रत्येक खड्ड्याच्या तळाशी एक पांढरा ठिपका. नखाने उकरला की पिठासारखा सुटायचा.

तो चुना होता. आपल्याकडच्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात, शेतात चालताना पायाखाली दिसतात तेच. माती नीट चाळली-मळली नाही तर ते विटेत तसेच राहतात. भट्टीच्या आगीत खडा भाजला की त्याचा कळीचा चुना होतो, आणि कळीच्या चुन्याला ओल लागली की तो फुगतो. वीट वरून लालबुंद, आवाजही बरा, पण आत असे चार-सहा दाणे असतील तर महिन्यांनी, कधी वर्षानेही, ते प्लास्टर ढकलून बाहेर येतात.

हे आधी ओळखता येतं. प्रत्येक ट्रॉलीतून चार-पाच विटा काढा, मधल्या थरातल्या (वर रचलेल्या नेहमीच देखण्या असतात). एक-दोन फोडून आतला भाग बघा. रंग एकसारखा हवा. पांढरे दाणे, मोठी भोकं, मधोमध काळा कच्चा गाभा नको. उरलेल्या रात्रभर पाण्यात ठेवा, मग चार दिवस ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा. चुन्याचे खडे असतील तर पृष्ठभागावर टवके उडतात. भिंतीत हा दोष निघालाच, तर खपली उडालेल्या जागी नुसती पुट्टी भरू नका. पांढरा दाणा मुळापासून छिन्नीने काढा, खड्डा धुवा, मग सिमेंट-वाळू कालवलेल्या मालाने भरा. आम्ही पहिल्यांदा वरवर पुट्टी केली आणि तीन महिन्यांत त्याच जागा पुन्हा उडाल्या.

"फर्स्ट क्लास" या शब्दावर विसंबणं

भट्टीवाला, दलाल, मिस्त्री, सगळे फर्स्ट क्लास म्हणतात आणि प्रत्येकाचा अर्थ वेगळा असतो. बांधकामाच्या जुन्या पद्धतीत पहिल्या दर्जाची वीट म्हणजे सरळ कडा, एकसारखा लाल रंग, नखाने ओरखडा न उठणारी आणि २४ तास पाण्यात ठेवली तर स्वतःच्या वजनाच्या २० टक्क्यांपेक्षा जास्त पाणी न पिणारी. दुसऱ्या दर्जाला २२ टक्के, तिसऱ्याला २५ टक्क्यांपर्यंत चालतं. जास्त भाजून वितळलेली, वाकडी, काळपट वीट म्हणजे खंगर. ती टणक असते, पण मालाला धरत नाही. तिची जागा पायाच्या भरावात.

भारतीय मानक आयएस १०७७ मात्र दर्जा ताकदीवर ठरवतं. त्यातला वर्ग ३.५ म्हणजे प्रति चौरस मिलिमीटर किमान ३.५ न्यूटन दाब सोसणारी वीट, म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण ३५ किलो. त्यावर ५, ७.५, १० असे वर्ग चढत जातात. कॉलम-बीमच्या घरात भिंत फक्त भरणीची असते, तिथे खालचा वर्ग भागतो. पण बाहेरच्या वस्त्यांत आजही नऊ इंची भिंतींवर थेट स्लॅब टाकणारी घरं होतात. तिथे सगळं वजन विटेवर येतं, आणि तिथे प्रयोगशाळेतली दाबाची चाचणी टाळणं मला धोक्याचं वाटतं. स्लॅबच्या खर्चापुढे त्या चाचणीचा खर्च काहीच नाही.

पाण्याची चाचणी घरीही होते. मे महिन्यात दोन दिवस उन्हात वाळवलेली वीट किराणा दुकानाच्या काट्यावर तोला. २४ तास बादलीत ठेवा, बाहेरून पुसा, पुन्हा तोला. ३ किलोची वीट ३ किलो ६०० ग्रॅमच्या पुढे गेली तर ती ट्रॉली परत पाठवा.

कोरडी वीट लावणं: नागपूरची सगळ्यात महाग चूक

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, हवा कोरडी ठणठणीत. विटांचा ढीग दुपारी हात लावू देत नाही. अशी वीट मालावर ठेवली की ती मालातलं पाणी दोन मिनिटांत ओढून घेते. सिमेंटला घट्ट व्हायला पाणीच उरत नाही. सांधा वरून वाळलेला दिसतो आणि आत भुसा राहतो. खिळा ठोकला की सांध्यातून वाळूच गळते, हे ज्यांनी बघितलंय त्यांना कारण कळेल. आमच्या मिस्त्रींचंही म्हणणं, "काहून भिजवता जी, वरून पाइपने मारतो ना पाणी." वरून मारलेलं पाणी विटेच्या पोटात पोचत नाही.

साइटवर छोटं टाकं बांधा किंवा पत्र्याचे दोन ड्रम ठेवा. वीट पाण्यात सोडली की तिच्यातून बुडबुड्यांच्या माळा निघतात. त्या थांबेपर्यंत राहू द्या, मग काढून पाणी निथळू द्या. वरून पाणी गळत असलेली वीटही लावायची नाही, ती मालावर घसरते. भिंत चढली की किमान सात दिवस तराई करा, म्हणजे पाणी मारून ती ओली ठेवा. उन्हाळ्यात गोणपाट टांगून ते ओलं ठेवलेलं बरं, कारण सकाळी मारलेलं पाणी अकरापर्यंत उडून गेलेलं असतं. मालही कालवून ढीग करून ठेवू नका. आणि एका दिवसात दीड मीटरपेक्षा जास्त उंची चढवू नका, खालचे सांधे ओले असताना भिंत ओळंब्यातून हलते.

विटेची खाच (एका बाजूचा खोलगट भाग) वरच्या बाजूला हवी, म्हणजे माल तिच्यात भरतो. उलटी ठेवली तर आत पोकळी राहते. सांधा साधारण १० मिलिमीटरचा. वाकड्या विटा घेतल्या की तो आपोआप वीस होतो आणि स्वस्त विटेने वाचवलेले पैसे सिमेंटमध्ये जातात.

जोत्याजवळ पांढरी बुरशी दिसली तर

ती बुरशी नसते, लोणा असतो. विटेतले, वाळूतले किंवा पाण्यातले क्षार ओलीबरोबर पृष्ठभागावर येतात आणि पाणी उडालं की पांढरे राहतात. लोक लगेच धुतात. क्षार पाण्यात विरघळून पुन्हा भिंतीत जातात. कोरड्या ब्रशने झाडा, आणि ओल कुठून येते ते शोधा: गळका पाइप, अंगणाचा उलटा उतार, जोत्यावर राहून गेलेला ओल अडवणारा थर. भिंत पूर्ण सुकल्याशिवाय रंग देऊ नका. खरेदीआधी बघायचं असेल तर ताटात एक इंच पाणी घालून त्यात वीट उभी करा. सगळं पाणी शोषून वाळलं की पुन्हा तेवढंच घाला आणि तेही वाळू द्या. निम्म्याहून जास्त भाग पांढरा झाला तर तो माल नको.

कोराडी आणि खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटा मुबलक मिळतात. त्या वाईट नाहीत, पण भाजलेल्या नसतात, त्यांची वागणूक वेगळी. एकाच भिंतीत अर्ध्या लाल, अर्ध्या राखेच्या लावू नका. जोडावर भेग पडते.

लाल वीट मला आजही पसंत आहे. नऊ इंची भिंतीतून दुपारचं ऊन आत पोचायला काही तास लागतात, आगीला ती घाबरत नाही, प्लास्टर घट्ट धरते, आणि घर पाडलं तरी साबूत वीट पुन्हा कामाला येते. हे सगळं पक्क्या भाजलेल्या विटेबद्दल.

पहिल्या ट्रॉलीतल्या पसंत पडलेल्या पाच विटा बाजूला काढून त्यांच्यावर खडूने तारीख घाला. पुढची प्रत्येक ट्रॉली उजेडात बोलवा, तिच्यातली वीट या पाचांशेजारी ठेवून बघा, वाजवा, फोडा. पैसेही त्या-त्या ट्रॉलीचे त्यानंतरच द्या.