बचत गटाच्या मीटिंगलाच बीपी मोजा आणि तिथूनच चालायला निघा

हार्टचा त्रास पुरुषांना होतो, बायकांना नाही, हे अजून इतकं पक्कं बसलंय की छातीत दाबल्यासारखं झालं तरी आधी ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. म्हणून वेगळं शिबिर घेत बसू नका, कामं टाकून कोण येणार तिथे? बचत गट, भिशी, हळदीकुंकू, जिथे बायका जमतातच तिथे अर्धा तास मागून घ्या आणि आशाताईंना आधी सांगून ठेवा, कारण तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट होते.

बीपी नीट मोजलं नाही तर आकडा चुकतो हां. चहा मोजून झाल्यावर द्या. पाच मिनिटं शांत बसवा, पाठ टेकलेली, पाय जमिनीला, हात टेबलावर छातीच्या उंचीला, आणि पट्टा ब्लाउजच्या बाहीवरून नको, बाही वर गुंडाळून दंड आवळला तरी आकडा चुकतो. मोजताना गप्पा बंद! 140/90 किंवा जास्त आलं तर घाबरवू नका, थोड्या वेळाने परत मोजा, तरी तेवढंच असेल तर तिच्यासोबत डॉक्टरकडे जा, एकटीला सांगितलं की ती पुढे ढकलते.

एक प्रश्न प्रत्येकीला विचाराच: गरोदरपणी बीपी किंवा शुगर वाढली होती का? डिलिव्हरीनंतर सगळं नॉर्मल झालं तरी अशा बायकांना पुढे हार्टचा धोका जास्त असतो, आणि हे त्यांना बहुतेक कोणी सांगितलेलंच नसतं. मिश्रीचंही, म्हणजे तंबाखूचं, विचारा, पण बाजूला घेऊन.

लक्षणं पाठ करून घ्या: छातीत दाब, जबडा-पाठ-खांदा दुखणं, दम, मळमळ, घाम, कधी नव्हे असा थकवा. असं झालं तर लगेच 108, स्वयंपाक उरकून बघू असं अजिबात नको.

आता चालणं. आठवड्याला किमान 150 मिनिटं, म्हणजे पाच दिवस अर्धा तास, इतक्या वेगाने की बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही. घरकामात सलग असा दम क्वचितच लागतो. वेळ नळाला पाणी येतं ती सोडून ठरवा. साडीवर बूट घालायला संकोच वाटतो तर सगळ्याजणी एकदमच घ्या, मग कोणी बघत नाही. आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवरून दहा-दहा उठबशा. आधीच हार्टचा त्रास असेल तिने डॉक्टरांना विचारूनच सुरू करावं, आणि जी दोन दिवस दिसली नाही तिच्या घरी कोणीतरी जाऊन या.